हरसूलहून हर्सूलला: जमिनीखालच्या नहरींचं शहर

कानात इअरफोन असतील तर आवाज थोडा वाढवा, कारण आजचा विषय जमिनीखालचा आहे.

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित एपिसोड. बोलताना जे 'म्हणजे', 'बघा', 'ना' येतं ते थोडं काढलंय, सगळं नाही.

'कॅनल सिटी' असं गूगलवर टाका. पहिलं येतं व्हेनिस, मग ॲमस्टरडॅम, मग चीनमधलं सुझोऊ. सगळीकडे होड्या, पूल, पाण्यात पडलेली दिव्यांची सावली. पण आपल्या महाराष्ट्रात एक कालव्यांचं शहर आहे जिथं होडी दिसत नाही आणि पूल मोजके आहेत. कारण कालवे रस्त्याखाली, घरांखाली, मशिदीखाली, दुकानांखाली आहेत. चारशे वर्षांपूर्वी खोदलेले. त्या शहराचं नाव आधी खडकी होतं, मग फतेहनगर, मग औरंगाबाद, आणि आता छत्रपती संभाजीनगर. नावं बदलली, पण खालचं पाणी बरीच शतकं त्याच वाटेनं येत राहिलं.

मी मूळचा हरसूलचा. नाशिक जिल्हा, त्र्यंबकेश्वर तालुका. बीटेक केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी ऑफिसात कुणीतरी विचारलं, गाव कुठलं? म्हटलं हरसूल. तो म्हणाला, अरे वा, औरंगाबादचं का, जेलजवळचं? तेव्हा पहिल्यांदा कळलं की आमच्या नावाचं अजून एक गाव आहे. तिकडे ते 'हर्सूल' लिहितात, र वर चढवून. शहर वाढत वाढत गेलं आणि त्या गावाला गिळून बसलं. आणि गंमत अशी की त्या जमिनीखालच्या कालव्यांची, म्हणजे नहरींची सुरुवात त्याच हर्सूलच्या बाजूला होते. मागच्या उन्हाळ्यात चार दिवस सुट्टी काढून मी ते बघून आलो. मित्राच्या घरी राहिलो, जुन्या शहरात पायी फिरलो.

आधी इतिहास, मग फिरणं.

मलिक अंबर कोण होता

शाळेच्या पुस्तकात मलिक अंबर अर्ध्या परिच्छेदात संपतो. खरं तर त्याच्यावर वेबसिरीज व्हायला हवी. जन्म साधारण 1548, इथिओपियात. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला. हातोहात विकला जात बगदादपर्यंत गेला, तिथून दख्खनेत आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान, जो स्वतः एकेकाळी गुलाम होता, त्यानं त्याला विकत घेतलं. मालक वारल्यावर अंबर मोकळा झाला. आधी थोडे घोडेस्वार जमवले, मग हजारो.

1600 मध्ये मुघलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. निजामशाही संपली असं सगळ्यांना वाटलं. अंबरनं घराण्यातला एक वारस शोधला, त्याला गादीवर बसवलं आणि पुढची पंचवीस वर्षं मुघलांना दख्खनेत स्वस्थ बसू दिलं नाही. त्याच्या फौजेत मराठा सरदार होते. शहाजीराजे भोसले 1624 च्या भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूनं लढले, त्यांचे भाऊ शरीफजी त्याच लढाईत पडले. जमीन मोजून, पिकाचा अंदाज घेऊन सारा ठरवायची त्याची पद्धत पुढे 'मलिकंबरी' म्हणून ओळखली गेली. जहांगीर बादशहाला त्याचा इतका राग होता की अंबरच्या तुटलेल्या डोक्यावर आपण बाण मारतोय असं चित्र त्यानं काढून घेतलं. चित्रकार अबुल हसन. प्रत्यक्षात जहांगीरला अंबर कधीच सापडला नाही. 1626 मध्ये तो म्हातारा होऊन वारला आणि खुलताबादला त्याची कबर आहे.

या माणसानं 1610 मध्ये खाम नदीकाठच्या खडकी गावात राजधानी वसवली. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा अशी जुन्या पेठांची नावं मराठा सरदारांची आठवण ठेवून आहेत. भडकल दरवाजा त्याच्याच काळातला.

आता राजधानी म्हटली की फौज आली, घोडे, उंट, हत्ती आले, बाजार आला. सगळ्यांना पाणी पाहिजे. खाम ही बारमाही मोठी नदी नव्हे. पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास. मग पाणी आणायचं कुठून?

नहर म्हणजे नेमकं काय

इथं माझ्यातला इंजिनिअर जागा होतो, थोडं सांभाळून घ्या.

शहराच्या उत्तरेला हर्सूल, जटवाड्याकडे डोंगर आहेत. पावसाचं पाणी तिथं मुरतं. वर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा कठीण खडक. पाणी मुरुमातून खाली जातं, खडकाशी अडतं आणि उताराच्या दिशेनं हळूहळू सरकत राहतं. वरची नदी कोरडी पडली तरी हे खालचं पाणी बरेच महिने चालू असतं. अंबरच्या माणसांनी ते पकडलं.

पद्धत अशी. डोंगराच्या पायथ्याशी एक मोठी विहीर, जिला जगभर 'आईविहीर' म्हणतात. तिथून शहराकडे जमिनीखाली एक बोगदा, अगदी मंद उताराचा. उतार जास्त दिला तर पाणी बोगद्याच्या भिंती खाऊन टाकतं, कमी दिला तर गाळ बसतो. ठरावीक अंतरावर वरून खाली उभी भोकं, म्हणजे आपल्या भाषेत मॅनहोल. त्यातून खोदताना माती वर काढायची, नंतर हवा खेळती राहते आणि माणूस उतरून गाळ काढू शकतो. काही ठिकाणी मुख्य नहर इतकी उंच आहे की माणूस उभा चालू शकेल. शहराजवळ आल्यावर पाणी खापरी नळात शिरतं, म्हणजे भाजलेल्या मातीचे पाईप, चुन्यानं जोडलेले. वाटेत दगड-चुन्याचे मनोरे बांधलेले. पाणी मनोऱ्यात वर चढतं, अडकलेली हवा बाहेर पडते, नळावरचा दाब कमी होतो आणि तिथूनच वेगवेगळ्या मोहल्ल्यांना फाटे देता येतात. शेवटी हौद. माणसं हौदावर येणार, भांडं भरणार.

या सगळ्यात मोटर नाही, डिझेल नाही, वीज नाही. पाणी वरून खाली येतं, एवढंच. या पहिल्या मोठ्या नहरीला म्हणतात नहर-ए-अंबरी.

ही कल्पना अंबरची एकट्याची नव्हती. इराणमध्ये हजारो वर्षांपासून असे बोगदे आहेत, त्यांना कनात म्हणतात, आणि 2016 पासून ते जागतिक वारसा यादीत आहेत. दख्खनेत बीदरला आहेत, विजापूरला आहेत. खुद्द अहमदनगर शहर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, निजामशाहीच्या काळात खापरी नळांच्या पाण्यावर चालायचं. अंबरनं उमेदीची वर्षं तिथं काढली होती, त्याला ही गोष्ट रोज डोळ्यासमोर दिसत होती.

मला सगळ्यात भारी वाटलेला भाग पुढे आहे. अंबरचा मोठा शत्रू होता मुघल सेनापती अब्दुर्रहीम खानखानान. हो, तोच रहीम, ज्याचे दोहे आपण हिंदीच्या पुस्तकात पाठ केले. त्याचा तळ बुऱ्हाणपूरला होता. 1615 च्या सुमाराला रहीमनं बुऱ्हाणपुरात अशाच जमिनीखालच्या बोगद्यानं पाणी आणलं. कुंडी भंडारा म्हणतात त्याला, आजही बघता येतो. आणि 1616 मध्ये रहीमच्याच मुलानं, शाहनवाजखानानं, अंबरचा पराभव करून खडकी लुटली, जाळली. म्हणजे बाप एका शहराला पाणी देतोय, मुलगा तसंच पाणी आणणारं दुसरं शहर जाळतोय. पुढे 1621 मध्ये मुघलांनी खडकी परत जाळली. घरं जळली, वाडे पडले. शहर पुन्हा उभं राहिलं, कारण राहण्यासाठी जी गोष्ट लागते ती जमिनीखाली शाबूत होती.

एकीच्या बारा कशा झाल्या

अंबर गेल्यावर त्याच्या मुलानं, फतेहखानानं, शहराला स्वतःचं नाव दिलं. मग मुघल आले. 1653 मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार झाला आणि शहर औरंगाबाद झालं. तट आला, दरवाजे आले, बीबी का मकबरा उभा राहिला. वस्ती वाढली तशा नहरी वाढल्या. पाणचक्कीची नहर, थत्ते नहर, पळशीची नहर, छावणीची नहर. शहरात दहा-बारा नहरी आहेत असं जाणती माणसं मोजून सांगतात.

त्या काळचा इतिहासकार खाफीखान शहागंजच्या मोठ्या हौदाबद्दल लिहितो. 1714 ते 1719 च्या दरम्यान सय्यद हुसेन अलीनं तो सुरू केला, पुढे दुसऱ्या सरदारानं तो वाढवला, मशीद मोठी केली. खाफीखान म्हणतो त्याचा सारांश असा की इमारती कुणीही वाढवल्या असोत, मूळ श्रेय हौद सुरू करणाऱ्याचंच, कारण उन्हाळ्यात पाणी कमी पडतं तेव्हा लोकांचे हाल त्या हौदामुळे टळतात. तीनशे वर्षांपूर्वीचा माणूस लढाया आणि कटकारस्थानं लिहिता लिहिता मध्येच उन्हाळ्याच्या पाण्याचा हिशोब लिहून जातो. मला तो एकदम ओळखीचा वाटला.

पुण्याच्या श्रोत्यांना वाटत असेल की आमच्याकडेही होतं. होतंच की. नानासाहेब पेशव्यांनी 1750 च्या सुमाराला कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं. काळा हौद, बदामी हौद ही नावं त्याच पाण्याची. आता तिथं फक्त रिक्षावाल्याला सांगायला उपयोगी पडतात.

पाणचक्कीत एक दुपार

आता फिरायला चला. पाणचक्की खाम नदीच्या काठावर, महमूद दरवाजाजवळ. इथं बाबा शाह मुसाफिर या सूफी संतांचा दर्गा आहे. ते मध्य आशियातून, बुखाऱ्याच्या बाजूनं आलेले. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत टप्प्याटप्प्यानं इथं नहर, चक्की, हौद, मशीद, यात्रेकरूंच्या खोल्या असं सगळं उभं राहिलं.

उत्तरेच्या डोंगरातून खापरी नळानं आलेलं पाणी इथं एका उंच भिंतीत वर चढतं आणि वरून धबधब्यासारखं हौदात पडतं. लहान मुलं 'पाणी वर कसं चढलं?' विचारतात आणि आईबाप फोटो काढत राहतात. उत्तर सोपं आहे. पाणी जिथून निघालं ती जागा या भिंतीच्या माथ्यापेक्षा उंच आहे. बंद नळातलं पाणी मूळ उंचीपर्यंत परत चढू बघतं. घरच्या टाकीला लावलेली पाईप वर धरली की जे होतं तेच.

त्या पाण्याच्या जोरावर खाली लोखंडी पात्यांचं चाक फिरायचं आणि वर जातं. इथं दळलेल्या पिठाच्या रोट्या यात्रेकरू, फकीर, विद्यार्थी, शिपाई असे सगळे खायचे. समोरचा हौद साधारण 164 फूट लांब, 31 फूट रुंद. आणि त्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या मोठ्या दालनाचं छत. वर पाणी, खाली माणसं. एप्रिलच्या दुपारी बाहेर चाळीसच्या पुढे तापमान असताना त्या दालनाच्या तोंडाशी उभं राहिलो तर अंगावर गारवा येत होता. एसीचं बिल भरणाऱ्यांनी विचार करावा असा.

हौदाकाठी वडाचं प्रचंड झाड आहे. त्याखाली त्या दुपारी काय काय चाललं होतं ते सांगतो. नगरकडून आलेलं एक कुटुंब डबा सोडून बसलं होतं. दोन म्हातारे भिंतीला टेकून पेंगत होते. नमाजाची वेळ झाली तशी माणसं वुजू करायला गेली. शाळेच्या सहलीतल्या पोरी हौदातल्या माशांना चुरमुरे टाकत होत्या आणि त्यांच्या मॅडम ओरडत होत्या, 'अगं वाकू नका!' बाहेर हिमरू शालींची दुकानं, चहा, पेरू. कुणालाही इथं यायला कारण लागत नव्हतं. पाणी आहे, सावली आहे, बसा.

'पाणी कधीये तुमच्याकडं?'

पण या शहराचं रोजचं जगणं पाणचक्कीत कळत नाही. ते कळलं मित्राच्या घरी.

पहिल्या दिवशी सकाळी त्याच्या आईनं चहा दिला आणि म्हणाल्या, 'बाळा, आंघोळ आज आटोपून घे भरपूर पाण्यानं. आज आमचा पाण्याचा वार आहे, उद्यापासून बादली मोजून.' पाण्याचा वार! जसा आठवडे बाजाराचा वार असतो तसा. शहराच्या अनेक भागांत नळाला रोज पाणी येत नाही, काही ठिकाणी आठवडा जातो. त्यामुळे घराची रचनाच पाण्याभोवती झालेली. गॅलरीत निळे ड्रम, जिन्याखाली टाकी, अंगणात जमिनीखालचा हौद, नळाला जोडलेली छोटी मोटर. शेजारच्या काकू भेटल्या की विचारतात, 'पाणी कधीये तुमच्याकडं?' लग्नाची तारीख काढताना सुद्धा पाण्याचा वार बघतात, असं मित्र हसत म्हणाला. त्याची आई हसल्या नाहीत.

शहराचं मुख्य पाणी येतं पैठणच्या जायकवाडी धरणातून, नाथसागरातून. अंतर पन्नासएक किलोमीटर. 1976 मध्ये पुरं झालेलं हे महाराष्ट्रातलं एक अतिशय मोठं धरण. पण शहर धरणापेक्षा साधारण शंभर मीटर उंच आहे. म्हणजे पाणी पंपानं वर ढकलत आणावं लागतं. वीज गेली, पाईप फुटला की अख्ख्या शहराचा वार पुढे ढकलला जातो. अंबरनं पाणी वरून खाली आणलं, आपण खालून वर आणतो. अंबरचं शहर लहान होतं, हे खरं. 2011 च्या जनगणनेत इथली लोकसंख्या पावणेबारा लाख होती, आता त्याहून पुष्कळ जास्त असणार. नहरींवर एवढं शहर जगणार नाही. पण आहे ते पाणी सोडून का द्यायचं, हा प्रश्न उरतोच.

तो प्रश्न घेऊन बेगमपुऱ्यात गेलो. मकबऱ्याच्या जवळचा हा जुना मोहल्ला. इथं थत्ते हौद आहे, थत्ते नहरीचं पाणी येतं ते ठिकाण. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना घरं. मी इकडेतिकडे बघत फोटो काढत होतो तर एका आजींनी दारातूनच विचारलं, 'क्या देख रहे बेटा?' म्हटलं, नहर देखने आया हूं, नाशिक से. त्या म्हणाल्या, 'उसमें देखने का क्या, पीने का है.' बस. माझ्या सगळ्या नोट्समधलं सगळ्यात चांगलं वाक्य तेच. मग त्यांनीच सांगितलं, लहान असताना पाणी बारा महिने धो धो यायचं, इतकं की मोहल्ल्यातल्या पोरी हौदावरच धुणं-भांडी-गप्पा उरकायच्या. आता उन्हाळ्यात धार बारीक होते. का? 'ऊपर सब बोर मारे ना.'

नहरी का आटल्या

आजींचं उत्तर बरोबर आहे, पण ते एकच कारण नाही. मला समजलं ते क्रमानं सांगतो.

पहिलं, राजकारण. 1763 मध्ये निजामानं राजधानी हैदराबादला हलवली. औरंगाबादमधला पैसा आणि माणसं गेली. नहर बांधायला एकदाच खर्च येतो, पण गाळ काढायला दर वर्षी येतो. सरदार-दरकदार गेल्यावर तो खर्च कोण करणार?

दुसरं, नळ. विसाव्या शतकात घरात नळ आले आणि हौदावर जायची गरज संपली. हे वाईट नव्हे, बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरला. पण ज्या गोष्टीची रोज गरज नाही तिच्याकडे लक्ष जात नाही.

तिसरं, बांधकाम. नहर जमिनीखाली, त्यामुळे सातबाऱ्यावर दिसत नाही आणि प्लॉट विकताना आडवी येत नाही. पाया खोदताना खापरी नळ लागला की फोडला. मॅनहोलवर खोली बांधली. काहींनी थेट त्यात सांडपाणी सोडलं. एका जागी फुटलं की खालच्या सगळ्या हौदांचं पाणी गेलं, आणि फोडणाऱ्याला ते कळतही नाही.

चौथं, बोअरवेल. नहर मुरलेल्या पाण्यावर चालते. वर डोंगराच्या पायथ्याशी शेकडो बोअर पडले तर ते पाणी नहरीपर्यंत पोचतच नाही.

म्हणजे चारशे वर्षं झाली म्हणून ही व्यवस्था म्हातारी होऊन मेली, असं मला तरी दिसलं नाही. जिथं कुणी तिची काळजी घेतं, उदाहरणार्थ पाणचक्की आणि बेगमपुरा, तिथं ती अजून चालते. अधूनमधून शहरात नहरींसाठी लोक एकत्र येतात, अभ्यासक नकाशे काढतात, गाळ काढतात. खाम नदीही गेल्या काही वर्षांत बऱ्यापैकी साफ झालीय.

आमच्या क्षेत्रात जुनं सॉफ्टवेअर असतं, वीस वर्षं चालणारं. लिहिणारे सोडून गेले, कागद नाहीत, नव्या लोकांना ते काय करतं हे माहीत नाही. मग कुणीतरी 'हे कशाला ठेवलंय' म्हणून एक फाईल उडवतो आणि तिसऱ्याच डिपार्टमेंटचं काम बंद पडतं. नहरीचं तसंच झालंय. फरक एवढाच की सॉफ्टवेअरचा बॅकअप असतो.

आणि आमचं हरसूल?

आता तुम्ही म्हणाल, औरंगाबादला पाऊस कमी, त्यांचं ठीक आहे. नाशिकच्या डोंगरातल्या माणसाला याचं काय?

ऐका मग. आमच्या त्र्यंबक-हरसूल पट्ट्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. औरंगाबादच्या जवळपास तिप्पट. जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत. भात, नागली, वरई सगळं पावसावर. आणि मार्च उजाडला की पाड्यापाड्यांवर हंडे रांगेत लागतात. माझी आत्या वरच्या पाड्यावर राहते. उन्हाळ्यात ती रात्री दोनला उठून बॅटरी घेऊन झिऱ्यावर जाते, कारण दिवसा झिरा उपसलेला असतो आणि रात्रीतून वाटीवाटीनं पाणी साठतं. वाटी बुडवायची, हंड्यात ओतायची, थांबायचं, परत वाटी. एक हंडा भरायला लागणारा वेळ मी एकदा मोबाईलवर मोजला होता, पंचवीस मिनिटं. दिवाळीनंतर निम्मा पाडा नाशिककडे द्राक्षाच्या कामाला जातो, त्यामागे मजुरी आहेच, पण मागे राहून प्यायचं काय, हेही आहे.

सगळा पाऊस जातो कुठे? हरसूलचं पाणी गोदावरीला मिळत नाही. ते पश्चिमेला दमणगंगेच्या खोऱ्यात उतरतं, गुजरातच्या सीमेपलीकडे मधुबन धरणात जातं आणि उरलेलं समुद्रात. त्र्यंबकच्या अलीकडे पडलेला थेंब गोदावरीनं जायकवाडीला जाऊ शकतो, पलीकडे पडलेला थेंब अरबी समुद्राला. दर दोन-तीन वर्षांनी नाशिकच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायचं की नाही यावरून जे आंदोलन, कोर्टकचेरी होते, ती तुम्ही बातम्यांत बघता. नाशिकवाले म्हणतात आमचं पाणी पळवलं, मराठवाडा म्हणतो आमच्या हक्काचं अडवलं. त्या भांडणात आमचं हरसूल दोन्ही बाजूंना नाही. आमचं पाणी कुणी पळवत नाही, ते आमच्या डोळ्यांदेखत उतारावरून निघून जातं.

खडक तोच आहे बरं का. इथंही वर मुरूम, खाली काळा पाषाण. इथंही डोंगराच्या पायथ्याशी पाणी झिरपतं, आम्ही त्यालाच झिरा म्हणतो. फरक असा की आमचे डोंगर सरळसोट, मुरलेलं पाणी पटकन निघून जातं आणि होळीपर्यंत धार तुटते. त्यामुळे 'हरसूलला नहर खोदा' असं मी म्हणणार नाही. पण त्या शहरातून दोन गोष्टी मी नक्की घेऊन आलो.

एक, पाणी वरून खाली आणता येत असेल तर मोटरच्या नादी लागू नये. आमच्याकडे कितीतरी पाड्यांवर टाकी आहे, पाईप आहे, नळाचा खांब आहे आणि मोटर जळून पडलीय. त्याच पाड्याच्या डोक्यावर, चढावर झरा आहे. त्याचं तोंड दगड-सिमेंटनं नीट बांधून, झाकून, उतारानं नळी खाली आणली तर जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत तरी रात्रीचं उठणं वाचतं. आणि झऱ्याच्या वरच्या अंगाला चर खणून, झाडी राखून पाणी मुरवलं तर ती मुदत अजून लांबते. सह्याद्रीत काही गावांनी हे केलंय. भारी तंत्रज्ञान लागत नाही, उतार मोजायला प्लॅस्टिकची पाण्यानं भरलेली नळी पुरते.

दोन, बांधणाऱ्यापेक्षा गाळ काढणारा जास्त महत्त्वाचा. मलिक अंबरचं नाव राहिलं आणि राहावंच. पण नहर चारशे वर्षं चालली ती दर वर्षी त्या काळोख्या भोकात उतरून गाळ काढणाऱ्या माणसांमुळे. त्यांचं एकाचंही नाव कुठं लिहिलेलं नाही. आमच्याकडे योजनेचं उद्घाटन होतं, नारळ फुटतो, फोटो निघतो. पुढच्या वर्षी गाळ कोण काढणार, त्याला पैसे कोण देणार, हे त्याच दिवशी ठरत नाही. ते ठरलं नाही की योजना तिसऱ्या उन्हाळ्याला बंद. हे मी आत्याच्या पाड्यावर बघितलंय.

या पावसाळ्यानंतर आम्ही चार-पाच पोरं, सगळी त्याच भागातली, दोन नोकरीवाले, बाकी शेती करणारे, आत्याच्या पाड्यावरचे झरे मोजणार आहोत. कुठला झरा कुठल्या महिन्यात आटतो, दर मिनिटाला किती लिटर देतो, पाड्यापेक्षा किती उंच आहे. बादली आणि मोबाईलचं घड्याळ, एवढंच सामान. एक साधी शीट करतोय. पाड्यावरच्या बायका म्हणाल्या, मोजायला काय, आम्हाला तोंडपाठ आहे. तर सुरुवात त्यांच्याकडूनच.

आता तुमचं काम. तुमच्या गावात जुनी बारव असेल, आड असेल, हौद, दगडी पाट, खापरी नळाचा तुकडा, काहीही. त्याचं गावातलं नाव काय, पाणी कुठून येतं आणि शेवटचा गाळ कधी काढला, एवढ्या तीन गोष्टी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि व्हॉइस नोट पाठवा. चांगल्या दहा नोट्स पुढच्या एपिसोडात वाजवतो. रेकॉर्ड करताना फॅन बंद ठेवा, मागच्या वेळी निम्म्या नोट्समध्ये फॅनच ऐकू येत होता.

भेटू पुढच्या शनिवारी.